सहा रात्रींचं व्याज : नववीतून गळू लागलेल्या एका पारधी मुलाचं प्रकरण

हडपसरच्या बाजूला, कालव्याच्या काठाने पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. वस्तीच्या तोंडाशी युवक केंद्र चालतं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात : आधी फुटबॉल, मग तासभर अभ्यास. पटावर २२ मुलं. त्यातला एक १५ वर्षांचा, नववीतला, फासेपारधी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो जवळजवळ रोज आला. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग बंद. शाळेतली हजेरीही त्याच वेगाने घसरली. केंद्राच्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा पडला : "अनियमित. रस कमी. घरचं लक्ष नाही."

या शेऱ्यातलं "अनियमित" सोडलं तर एकही शब्द खरा नव्हता, आणि तो शेरा खोटा का होता हे शोधणं म्हणजेच हे प्रकरण. (वस्तीपातळीवर वारंवार दिसणारे प्रसंग एकत्र करून ते बांधलं आहे. ते कुठल्या एका कुटुंबाचं नाही. रकमा अशा घरांचा हिशेब समजण्यापुरत्या आहेत.)

आधी घडलं काय

सप्टेंबरमध्ये केंद्रात एका मुलाचा मोबाईल हरवला. प्रशिक्षकाने दोन पिशव्या तपासल्या : या मुलाची आणि त्याच्या चुलतभावाची. बाकी २० मुलांच्या पिशव्या खुंटीला तशाच राहिल्या. मोबाईल दुसऱ्या दिवशी कपाटामागे सापडला, चार्जरच्या वायरीसकट घसरला होता. ज्याचा होता त्याने खिशात घातला, खेळ सुरू झाला, विषय संपला. चुलतभाऊ त्यानंतर आला नाही. हा मुलगा मात्र येत राहिला, म्हणून केंद्राने धरून चाललं की त्याला काही वाटलं नाही.

प्रशिक्षक मनाने वाईट माणूस नव्हता. त्याच वस्तीत वाढलेला, स्वतः दलित कुटुंबातला. हा मुद्दा बाजूला सारू नये. बाहेरून येणाऱ्यांना वस्ती म्हणजे एकच गरीब समाज वाटतो. आत बौद्ध, मातंग, वडार, मुसलमान, पारधी यांच्या वेगवेगळ्या गल्ल्या असतात आणि पारध्यांची घरं बहुधा अगदी कडेला, नाल्याच्या किंवा कालव्याच्या अंगाला असतात. सार्वजनिक नळावर त्यांचा नंबर शेवटी लागतो. ज्याने स्वतः जातीचा चटका खाल्लाय तोही पारध्याकडे त्याच नजरेने बघू शकतो, कारण ती नजर कायद्याने तयार केलेली आणि पिढ्यान् पिढ्या शिकवलेली आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, नावं नोंदवायची, रोज हजेरी घ्यायची, गाव सोडायला पास लावायचा. १९११ च्या सुधारित कायद्याने हे मुंबई इलाख्यातही आलं. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, उभी राहिली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, म्हणून हा विमुक्त दिन. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले (मुंबई राज्याचा १९५९ चा) आणि चौकीवरच्या सवयी टिकल्या. परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी कुठल्या गल्लीत येते हे वस्तीतल्या लहान मुलालाही माहीत असतं. पिशवी तपासणाऱ्या प्रशिक्षकाचा हात त्याच सवयीने उठला होता.

महिन्याचा तक्ता

नोव्हेंबर संपताना केंद्राची कार्यकर्ती घरी गेली. "शाळेत का जात नाहीस?" या प्रश्नाला अशा घरात एकच उत्तर मिळतं : "जातो की." म्हणून तिने तो विचारलाच नाही. कोऱ्या कागदावर महिन्याच्या ३० चौकटी आखल्या आणि मुलाला विचारलं, कुठल्या रात्री कुठे होतास, किती मिळाले, ते कुठे गेले. ही पद्धत शिकून घेण्यासारखी आहे. "का" म्हटलं की मूल बचाव करतं. "कधी आणि किती" म्हटलं की आठवू लागतं. तक्ता मुलाच्याच हाताने भरायचा, आणि भरून झाला की त्याच्याकडेच ठेवायचा.

तक्त्यातून निघालं ते असं. महिन्यात सहा रात्री तो केटरर्सकडे वाढपी म्हणून जात होता. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त लागले होते. संध्याकाळी पाचला टेम्पो, रात्री एकला परत, रात्रीचे ५०० रुपये. सहा रात्रींचे ३,००० थेट एका सावकाराला जात होते. कर्ज ३०,००० चं, व्याज शेकडा दहा दरमहा. म्हणजे महिन्याचं व्याज ३,०००, आणि मुद्दल जागच्या जागी.

कर्ज कशाचं? दिवाळीच्या तोंडावर बापाला चोरीच्या संशयावरून उचललं होतं. तो १९ दिवस आत होता. वकील १८,०००, पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार ७,०००, जाण्यायेण्यात, डब्यात आणि बुडालेल्या मजुरीत ५,०००. आई सिग्नलवर गजरे आणि मोबाईलचे स्टँड विकते. स्टँड रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, फुलं मार्केट यार्डातून. बरा दिवस गेला तर हातात ३०० उरतात. बाप मजूर अड्ड्यावर उभा राहतो, आठवड्यातले तीन-चार दिवस काम लागतं. आता कोर्टाच्या प्रत्येक तारखेला त्यातला एक जातो.

या तक्त्यामुळे सगळं प्रकरण उलटं दिसू लागलं. जात हा एक प्रश्न आणि गरिबी हा दुसरा, अशी आपल्या प्रशिक्षणवर्गांत दोन सत्रं असतात. इथे संशयातून अटक झाली, अटकेतून कर्ज, कर्जातून मुलाच्या सहा रात्री, आणि त्या रात्रींतून वर्गातली झोप. टोकाला "रस कमी" हा शेरा. ज्याला आपण गरिबी म्हणतो त्यातला मोठा भाग हा जातीच्या संशयाची वसुली आहे. हे ज्याला दिसत नाही तो मुलाला ध्येयावरचं व्याख्यान ऐकवतो. या केंद्रातही तसं व्याख्यान ठरलं होतं. ते रद्द केलं, हा पहिला योग्य निर्णय.

कामाला कुठून हात घातला

कर्जाला. शाळा नंतर.

सावकार बिनपरवाना होता. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली हा गुन्हा आहे आणि जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. तक्रार केली नाही. सावकार वस्तीतलाच, उद्या पोर आजारी पडलं तर रात्री पैसे देणारा तोच. दुसरी सोय हाताशी नसताना त्याच्यावर तक्रार घातली तर कार्यकर्ती घरी जाते आणि कुटुंब उघडं पडतं.

दुसरी सोय म्हणजे बचत गट. वस्तीतल्या गटाचा दर शेकडा दोन दरमहा. गटाने पारधी बाईला सभासद करायला नकार दिला : "ह्या उद्या इथून उठून जातील." बैठका झाल्या, वाद झाला. शेवटी गटातल्या दोघींनी स्वतःच्या नावावर मिळून १५,००० उचलून दिले. म्हणजे निम्म्या कर्जावर व्याज ३००, उरलेल्या निम्म्यावर १,५००, एकूण १,८००. पूर्ण सुटका झाली नाही, पण सहा रात्रींचा बोजा साडेतीन रात्रींवर आला.

आता रात्री. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येतं, पण संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत नाही, आणि दिवसाला मधली सुट्टी धरून सहा तासांपेक्षा जास्त नाही. केटरिंगच्या ठेकेदाराची तक्रार केली असती तर काम गेलं असतं आणि व्याज राहिलं असतं. त्याऐवजी त्याच ठेकेदाराकडून दुपारच्या पंगती मागितल्या : साखरपुडे, डोहाळजेवणं, बारशी. रविवारी दहा ते चार, ३५० रुपये. महिन्यात चार-पाच रविवार भरले की व्याज जवळपास निघतं आणि कायद्याची वेळही पाळली जाते.

इथे एक गोष्ट जपावी लागली. मुलाचं आडनाव पवार. पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे ही आडनावं पारध्यांतही सर्रास आहेत. ठेकेदार त्याला मराठा समजत होता आणि मुलाने तो समज मोडला नव्हता. पंगतीत वाढणारा पारधी आहे हे कळलं तर काम राहीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून ठेकेदाराशी बोलायला संस्थेचं माणूस गेलं नाही. मुलगा स्वतः बोलला, "रविवारी फुटबॉल नसतो, दुपारचं काम द्या." मुलाची जात कुणाला, कधी सांगायची हे फक्त मुलाने ठरवायचं. देणगीदारांच्या फोटोखाली, सहलीच्या फॉर्मवर, पाहुण्यांसमोर, कुठेही नाही. "हा आमचा पारध्यांचा मुलगा, बघा किती हुशार" हे वाक्य कौतुक म्हणून म्हटलं जातं. ऐकणारं मूल त्यानंतर फार दिवस राहत नाही.

कागद

पुढच्या शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, अकरावीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला लागणार होता. घरात तो कुणाकडेच नव्हता. इथे चार ठिकाणी ठेच लागते.

पहिली, नेमकी नोंद. महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी, टाकणकार हे अनुसूचित जमातीत येतात. राजपारधी, गावपारधी, हरणशिकारी विमुक्त जातींत. अर्जात एक आणि नातेवाइकाच्या दाखल्यात दुसरं आलं की फाईल अडते. आधी घरातल्या ज्येष्ठांना विचारून आणि सापडतील ते जुने कागद बघून काय लिहायचं ते पक्कं करावं.

दुसरी, मानीव दिनांक. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेला कुटुंब कुठलं रहिवासी होतं हे दाखवावं लागतं. पिढ्यान् पिढ्या फिरत्या आणि हजेरीला बांधलेल्या माणसांकडून सरकार रहिवासाचा पुरावा मागतं, याचा संताप यावा आणि तो आला तरी कागद शोधावेच लागतात. मुलाचे चुलतआजोबा आश्रमशाळेत दोन वर्षं होते, तिथला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतल्या त्यांच्या नोंदीची नक्कल, मिळाली. गावच्या कोतवाल बुकातला, म्हणजे गाव नमुना १४ चा, जन्म-मृत्यूचा उतारा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधता येतो. जुन्या पोलीस किंवा तुरुंग नोंदीत जात लिहिलेली सापडली तर तीही जोडावी. काहीच नसेल तर गृहचौकशीची, म्हणजे अधिकाऱ्यांनी घरी-गावी येऊन करायच्या चौकशीची, लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी विचारून परत येऊ नये.

तिसरी, जागा. कुटुंब मूळचं सोलापूर जिल्ह्यातलं. कार्यकर्तीने पहिला अर्ज पुण्याच्या सेतू केंद्रात भरला, तो परत आला. राज्यातल्या राज्यात स्थलांतर झालं असेल तर दाखला मूळ रहिवासाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. म्हणजे प्रवासखर्च, मुक्काम आणि बुडालेली मजुरी. केंद्राच्या अंदाजपत्रकात "कागदपत्र प्रवास" असं वेगळं शीर्षक नसेल तर हे काम कधीच होत नाही. एका कुटुंबामागे किमान तीन खेपा धराव्यात.

चौथी सगळ्यात चीड आणणारी. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे नावनोंदणीच्या मूळ वहीत, मुलापुढे "हिंदू मराठा" लिहिलं होतं. पहिलीत नाव घालताना आडनाव बघून कुणीतरी लिहून टाकलं आणि सही म्हणून आईचा अंगठा घेतला. ही दुरुस्ती मूल शाळेत शिकत असतानाच करायची असते : पालकाचा अर्ज, पुरावे, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता. शाळा सुटल्यावर ती कितीतरी अवघड होते. म्हणून पारधी, कैकाडी, वडार मुलांची जनरल रजिस्टरातली नोंद आठवीच्या आत बघून ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे.

नववीच का, याचंही कारण इथेच आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला आणि आठवीपर्यंतच हक्क देतो. महापालिकेच्या बहुतेक शाळाही तिथेच संपतात. नववीला मूल नव्या, अनोळखी, बहुधा अनुदानित शाळेत जातं. तिथे आईबापांना कुणी ओळखत नाही, घरच्या गुजरातीशी नातं सांगणाऱ्या बोलीचा हेल मराठीत ऐकू आला की मागच्या बाकावर हसू फुटतं, आणि गैरहजर राहिलं तर घरी यायला कुणी बांधील नसतं.

रात्री एक वाजता

डिसेंबरमध्ये, पंगती अजून दुपारवर आलेल्या नसताना, मुलगा टेम्पोतून उतरून चालत येताना अडवला गेला. नाव, वस्ती, मग गल्ली विचारली. सकाळपर्यंत एका चौकीत बसवून ठेवलं, मोबाईलवर फोटो काढला, कुठेही नोंद न करता सोडलं.

अशा वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १० नुसार मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर ते बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे सोपवायचं, पालकांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. पुण्यात हे मंडळ येरवड्याला बसतं. चौकीत गेलेल्या कार्यकर्त्याने तीनच प्रश्न विचारावेत, शांतपणे, साहेब म्हणून : ताब्यात घेतलंय का? स्टेशन डायरीत नोंद केली का? बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत? उत्तरं आणि वेळ तिथेच वहीत लिहावी. आवाज चढवला, मोबाईलवर चित्रण सुरू केलं की आपण घरी जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच पोर अडवलं जातं. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार हक्काने मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

बापाच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर १८,००० चा वकील लागला नसता. जामीनदार मिळत नाही म्हणून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याची विनंती करता येते. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. युवक केंद्राचा अशा कज्ज्यांशी संबंध काय, असं काही सहकारी विचारतात. सहा रात्रींचा तक्ता हे त्याचं उत्तर.

केंद्रातली दुरुस्ती

जानेवारीत प्रशिक्षकाने सगळ्या मुलांना मैदानावर गोल बसवलं. चुलतभावालाही निरोप धाडला होता, तो आला नाही. प्रशिक्षक उभा राहून म्हणाला, "सप्टेंबरमध्ये मोबाईल हरवला तेव्हा मी दोघांच्याच पिशव्या बघितल्या. बाकीच्यांच्या बघितल्या नाहीत. दोघांच्याच का, तर ते पारधी आहेत म्हणून. हे चुकीचं होतं. मोबाईल सापडल्यावर मी ते सांगितलंही नाही." मग तो घरी गेला. आई गजऱ्याचा दोरा ओढत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "पिशवी बघितली त्याचं काय, आमच्या पिशव्या सगळेच बघतात. सापडल्यावर सांगायला कुणी आलं नाही, सर."

माफी अशीच असावी : जिथे आरोप झाला तिथे, त्याच लोकांसमोर, कृत्याचं नाव घेऊन. प्रशिक्षकाने जात उच्चारण्याआधी मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सगळ्यांना माहीतच आहे." नकार असता तर ते वाक्य गाळलं असतं.

पद्धतही बदलली. आल्या आल्या मोबाईल कप्प्यांच्या पेटीत, हातात क्रमांकाचं टोकन. वस्तू हरवली तर आधी खोली शोधायची, मग सगळ्यांना एकत्र विचारायचं, झडती कुणाचीच नाही. सापडली की ज्या आवाजात हरवल्याचं सांगितलं त्याच आवाजात सापडल्याचं सांगायचं. कुणीतरी सुचवलं, पेटीची किल्ली याच मुलाकडे देऊ, विश्वास दिसेल. हे करू नये. पुढच्या वेळी काही गहाळ झालं तर पहिलं बोट त्याच्याकडेच जाईल. किल्ली आठवड्याला पाळीपाळीने फिरते, त्याच्याकडेही त्याच्या पाळीलाच येते.

कोथरूड-औंधकडून येणाऱ्या कॉलेजच्या स्वयंसेवकांबद्दल एक नोंद. ती मुलं मनापासून सांगतात, "आम्ही जात मानत नाही." वस्तीतली मुलं हे ऐकतात आणि गप्प होतात, कारण आता मार्कांपासून नळापर्यंत काहीच बोलता येणार नसतं. स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी एवढंच सांगावं : तुम्ही जात मानता की नाही हे कुणी विचारलेलं नाही, कुणी जातीचं बोललं तर विषय बदलू नका, काय झालं ते विचारा.

मार्चअखेर हजेरी सुधारली. मुलगा नववी पास झाला, गणितात काठावर. दहावीत ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलणं झालं आहे : सलग तीन दिवस दिसला नाही तर शाळेने केंद्राला फोन करायचा. आईने कर्जातले ४,००० फेडले. बापाची केस चालू आहे, आता विधी सेवेचा वकील आहे. जनरल रजिस्टरातल्या दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला आहे. सोलापूरकडची फाईल दुसऱ्या खेपेनंतर गृहचौकशीवर थांबली आहे. चुलतभाऊ केंद्रात परतला नाही. तो मांडववाल्याकडे बांबू बांधायला जातो. रात्रशाळेत यायला तयार आहे, पण प्रवेशाला लागणारा शाळा सोडल्याचा दाखला आधीच्या शाळेकडून यायचा आहे. त्यासाठीचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.